पंगतीतली शेवटची वाटी

सुनेच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती, आणि आमच्या बजाजनगरच्या घरात चर्चा कशाची, तर त्या दिवशी नाश्त्याला काय न्यायचं याची. आमच्याकडं ही रीतच पडून गेली आहे. परीक्षा विद्यापीठात, पण चहा-नाश्ता उमेदवाराच्या घरचा, आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना शाल-नारळही आपलाच. मी कचोरी म्हणत होते, मुलगा ढोकळा म्हणत होता. सून काहीच म्हणत नव्हती. जेवणं झाली की ती मला स्वयंपाकघरात फरशीवर बसवायची आणि परीक्षेत काय बोलायचं त्याचा सराव माझ्यासमोर करायची.

माझ्यासमोर का, ते सांगते. मी शाळेत गेले चौथीपर्यंत. पुढचं सगळं मुलाच्या पुस्तकांना कव्हरं घालता घालता वाचलं. तो दहावीला पोचला तेव्हा मीही जवळपास पोचले होते, परीक्षा तेवढी त्यानं दिली. सून म्हणायची, "आत्याबाई, तुम्हाला मराठीत पटवून देता आलं तर इंग्रजीत अडायची नाही मी." मी म्हणायचे, "गोड बोलू नको, भांडी आज कोण घासतंय ते सांग."

तिचा विषय मला कळला तो असा. एकटा इलेक्ट्रॉन असला तर त्याचं गणित सोपं. पण पदार्थात ते अगणित, आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांची दखल घ्यावी लागते, म्हणून ते गणित भल्याभल्यांना सुटत नाही. हे इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बसून राहिले आणि प्रत्येकानं शेजाऱ्याच्या उलट तोंड केलं, तर ते एका तऱ्हेचं चुंबकत्व. त्यांतले थोडे उठवले की बाकीच्यांना सरकायला जागा होते. आणि सरकता सरकता ते जोडीनं हिंडायला लागले, तर पुढं अतिवाहकता येऊ शकते, म्हणजे वीज कुठंच न अडखळता वाहते. तिच्या प्रबंधाचे दोन भाग होते. पहिला चुंबकत्वाचा, दुसरा जोड्यांचा. प्रयोगशाळा नाही, तारा नाहीत, सगळं कागदावर आणि संगणकावर. एका लहानशा वर्तुळाचं गणित करून तिनं दाखवलं होतं की जोड्या जमतात. सगळे वाखाणत होते ते हा दुसरा भाग.

कॉलेजात ती तासिकेवर शिकवायची. त्या वर्षी तिथली एक जागा कायम भरायची होती, आणि पदवी हातात असल्याशिवाय तिचा अर्ज पुढं जाणार नव्हता. एवढं सगळं त्या एका परीक्षेला टांगलेलं होतं.

अशाच एका दुपारी तिनं रांगोळीनं फरशीवर गोल काढला, त्यावर सहा ठिपके दिले, आणि वाट्या मांडल्या.

"गोल बसलेली पंगत समजा. ठिपका म्हणजे पाट, वाटी म्हणजे इलेक्ट्रॉन. वाट्या सगळ्या सारख्या, कोण कोणती ते ओळखता येत नाही. पण एक नियम आहे. दोघांचा क्रम उलटला की हिशेबाचं चिन्ह पालटतं. अधिकचं उणे, उण्याचं अधिक."

"आणि क्रम कुठून मोजायचा? गोलाला सुरुवात कुठं असते?"

"आपणच ठरवायची. हा पाट पहिला, हा शेवटचा. आता शेवटच्या पाटावरची वाटी एक घर पुढं सरकवा."

सरकवली. गोलच असल्यामुळं ती पहिल्या पाटावर आली.

ती बोलायला लागली, तोंडपाठ झालं होतं तिचं. "सरकली एकच घर. पण कागदावर ती शेवटची होती ती पहिली झाली. म्हणजे बाकी दोघांना ओलांडून आली. एकदा उणे, पुन्हा एकदा उणे, म्हणजे अधिकच. काही बदललं..."

आणि ती थांबली. रोज ती तीन वाट्या घ्यायची. त्या दिवशी शेंगदाण्याची वाटी माझ्या हातात होती, ती मी मोकळा पाट दिसला म्हणून ठेवून दिली होती. मला त्यातलं काही कळलेलं नव्हतं, खाली ठेवायची म्हणून ठेवली. पण वाट्या चार झाल्या, आणि सरकलेली वाटी तिघांना ओलांडून आली.

"तिघांना," ती म्हणाली. "तिघांना म्हणजे उणे."

"मग?"

"मी ते उणे घातलेलं नाही, आत्याबाई."

मी म्हटलं, घाल की आता. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं की हे मीठ कमी पडल्यासारखं नव्हे.

तिनं हळूहळू सांगितलं. सुरुवातीच्या वर्षी तिनं संगणकाचा प्रोग्राम लिहिला तेव्हा तो एका इलेक्ट्रॉननं तपासला, मग तिनानं तपासला. दोन्ही वेळा उत्तर बरोबर. विषम संख्येला ते उणे लागतच नाही. दोनानं तिनं कधी तपासलंच नाही. आणि जोडी जमते का ते बघायचं कसं, तर सम संख्येचं गणित आणि विषम संख्येचं गणित एकमेकांशी ताडून. त्यातलं एक पारडंच खोटं निघालं होतं.

"आणि चुंबकाचं?"

"तिथं कुणी पाट सोडत नाही. ते ठीक आहे."

त्याच संध्याकाळी तिनं प्रोग्राम दुरुस्त केला. बदल एका ओळीचा, पण गणित पुन्हा पहिल्यापासून करायचं. आमच्याकडं तेव्हा दुपारची वीज जायची, म्हणून ती विद्यापीठात जाऊन तिथल्या संगणकावर ते लावून आली आणि रोज जाऊन बघू लागली. शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायला आली तर सून तिच्याकडं नुसती बघत राहिली. कचोरीचं सारण मी करून बघितलं, कुणी चव घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी ती परत आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "जोड्या जमत नाहीत."

मुलगा वाळूजच्या कंपनीतून नुकताच आला होता, डबासुद्धा हातातच. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, तुझ्या गाइड सरांनी वाचलं, दोन परीक्षकांनी वाचलं. दोघांनी चांगलं लिहून पाठवलं. कुणाला दिसलं नाही, अन् तूच कशाला हात वर करतेस?"

"दिसलं नाही म्हणजे नाहीच का ते?"

"नाही म्हणत नाही मी. पदवी घे, नोकरी घे, मग कर की दुरुस्त. कुणाचं काय जातंय?"

"कुणीतरी पोरगी हा आकडा खरा धरून पुढचं काम सुरू करील. तिची वर्षं जातील."

"कोण पोरगी?"

"मला काय माहीत कोण. मीही असाच कुणाचातरी आकडा धरून सुरुवात केली होती."

मुलाचा राग गेला नव्हता. त्याचंही खोटं नव्हतं. तिच्या शिक्षणापायी त्यानं स्वतः पोळ्या लाटलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि पहिल्या वर्षी त्या कशा व्हायच्या तेही.

तिनं तिच्या सरांना फोन केला. बराच वेळ ती नुसतं "हो सर" म्हणत होती. ठेवल्यावर म्हणाली, "सर म्हणतात, तारीख आता हलणार नाही, परीक्षकांचं तिकीट झालंय. चूक त्यांनाही दिसायला हवी होती म्हणतात. सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी अडवणार नाही."

"मग काय ठरवलंस?"

"नाही ठरवलं."

परीक्षेच्या दिवसापर्यंत तिनं आम्हाला काहीच सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारलं तर ती ठरवून टाकील, आणि काय ठरवील त्याची भीती मला दोन्हीकडून होती.

सुनेचे वडील, म्हणजे माझे ईवाई, वैजापूरहून सकाळच्या एस.टी.नं थेट विद्यापीठात आले. कांदा विकायला मार्केट यार्डात जाताना घालतात तो इस्त्रीचा सदरा, आणि हातात पेढ्यांचा मोठा पुडा. गावात सांगूनच निघाले होते.

"ईनबाई, किती वाजता डॉक्टर व्हतीया मग?"

"बसा तर आधी," मी म्हटलं. त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

वर्गात आम्ही मागच्या बाकावर बसलो. पुढं सर, त्या दोघांपैकी तोंडी परीक्षेला आलेले एक परीक्षक, डिपार्टमेंटची माणसं, शिकणारी पोरंपोरी. सून इंग्रजीत बोलू लागली. मला शब्द कळत नव्हते, चित्रं कळत होती. आधी एकमेकांच्या उलट तोंड केलेले बाण आले, ते चुंबकत्व. परीक्षक मान हलवत होते. मग पडद्यावर गोल आला, त्यावर ठिपके. पुढचं चित्र आकड्यांचं असायचं, तिथंच जोड्या जमायच्या.

ते आलं. सून त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली. मला वाटलं आता ती पुढं जाणार. वर्गात पंख्याचा तेवढा आवाज. माझा मुलगा दाराजवळ उभा होता, तो मान खाली घालून बुटाकडं बघत होता.

मग तिनं पडद्याचा नाद सोडला, खडू घेतला, आणि फळ्यावर गोल काढला. सहा ठिपके. चार ठिपक्यांवर वाट्या. शेवटच्या वाटीवरून बाण काढला पहिल्या पाटाकडं, आणि बाजूला मोठं उणे लिहिलं.

ईवाई माझ्या कानाशी लागले. "काय काढलं तिनं? अशी का बोलाय लागली?"

"चूक सांगतेय आपली."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"आज?" ते म्हणाले, आणि पुडा मांडीवरून बाकावर ठेवला.

परीक्षक उठून फळ्यापाशी गेले. खडू त्यांनी तिच्या हातातून घेतला आणि वाट्या बोटानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग हिंदीत विचारलं, "ये आपको कब पता चला?"

"पिछले हफ्ते, सर."

"किसने पकड़ा?"

"मैंने ही. घर पे सास को समझा रही थी, तब."

सगळ्या माना मागं वळल्या. मी पदर सारखा केला, दुसरं काय करणार.

परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "मैंने अपनी रिपोर्ट में इसी अध्याय की सबसे ज़्यादा तारीफ़ लिखी है." थोडं थांबून म्हणाले, "वो मुझे वापस लेनी पड़ेगी." हे ते रागानं म्हणत होते की शरमेनं, मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

सर आणि परीक्षक आतल्या खोलीत गेले. दार लागलं. माझ्या कचोऱ्या झाकणाखाली निवत होत्या. सून फळ्यापाशीच उभी, हातावर खडूची पूड. तिच्या वडिलांनी जवळ जाऊन विचारलं, "बाई, नापास करतेत का काय आता?"

"माहीत नाही, पप्पा."

"मंग गप बसायचं व्हतं की. लई शिकलीस तू."

मी मध्ये पडले, म्हटलं, "दादा, कांद्याच्या गोणीत वर चांगला अन् खाली सडका भरला तर यार्डात तुम्ही काय म्हणता?" ते म्हणाले, "ते येगळं." पण मग बसून राहिले.

दार उघडलं. सरांनी सांगितलं, पदवी आज नाही. पहिला भाग जसाच्या तसा मान्य. दुसरा भाग काढून पुन्हा गणित करायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा परीक्षा. परीक्षक तेच येतील, स्वतःहून म्हणालेत.

सून "हो सर" म्हणाली आणि फळा पुसायला लागली.

कचोरी सगळ्यांनी खाल्ली, भूक काय निकालासाठी थांबते? परीक्षकांनी दोन घेतल्या. शाल-नारळ मात्र त्यांनी घेतला नाही, पुढच्या वेळी म्हणाले. पेढ्यांचा पुडा ईवायांनी काखेत धरला होता, तो तसाच वैजापूरला गेला. गावात त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक.

कॉलेजातली जागा दुसऱ्याला मिळाली. सून तासिकेवरच शिकवत राहिली. मुलगा बरेच दिवस या विषयावर बोलला नाही, मग एका संध्याकाळी स्वतःच विचारलं, "दोनानं तपासलंस का?" ती म्हणाली, "दोनानं, चारानं, सगळ्यांनी." दुसऱ्या भागाचं नाव आता 'जोड्या का जमत नाहीत' या अर्थाचं झालं होतं. मी म्हटलं, जमत नाही याचाही प्रबंध होतो का. ती म्हणाली, "खरा असला की होतो, आत्याबाई."

दुसरी परीक्षा झाली त्या दिवशी ईवाई रिकाम्या हातानं आले. मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसले. निकाल सांगून सर बाहेर पडले तसे तेही उठले आणि कुणाला न सांगता निघून गेले. आम्ही शोधत राहिलो. तासाभरानं रिक्षातून उतरले, घामाघूम, हातात क्रांती चौकातून आणलेला पेढ्यांचा पुडा, अजून दोरासुद्धा सोडलेला नव्हता.