गुळाचा खडा आणि माझं आंब्याचं झाड

स्वतः अठराव्या वर्षी काढलेलं चित्र भिंतीवरून उतरवायला कोणी पुण्याहून सेलूपर्यंत जातं का? मी गेले. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मार्गशीर्षातली थंडी होती आणि मी त्रेपन्न वर्षांची अल्लड मुलगी होते.

सेलू माझं माहेर. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना लागणारं तालुक्याचं गाव. चित्र होतं आमच्या वंशवृक्षाचं. पूर्वी आमच्याकडे दर काही वर्षांनी भाट येत. घराण्याच्या पिढ्या वहीत लिहून ठेवायच्या आणि यजमानाच्या ओट्यावर बसून त्या चालीत वाचून दाखवायच्या, हे त्यांचं काम. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी भाटबुवा आले आणि त्यांनी वाचलेली नावं मी भराभर उतरवून घेतली. मग रंगीत खडूंनी आंब्याचं झाड काढलं. ते फुलकोबीसारखं दिसत होतं, पण मॅट्रिक पास मुलीला हे सांगणार कोण? मुळाशी गोविंदा, बुंध्यात त्याचा मुलगा तुळशीराम, म्हणजे आमचे पणजोबा, वर फांद्या-डहाळ्यांवर बाकीचे आम्ही, आणि शेंड्यावर दोन पोपट. पोपटांच्या मध्ये जागा उरली. रिकामी जागा मला तेव्हा सोसत नसे. मी लाल शाईने तिथे लिहून टाकलं, 'या थोर कुळात सात पिढ्यांत एकदाही पाट लागलेला नाही.' पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. भाटाने तर पाचच पिढ्या वाचल्या होत्या. सात हा आकडा दिसायला बरा, म्हणून सात.

हे झाड दादाने, माझ्या थोरल्या भावाने, काचेत बसवून ओसरीत लावलं. मी लग्न होऊन पुण्याला आले आणि विसरून गेले.

त्याची आठवण करून दिली पुष्पाच्या पत्राने. पुष्पा आमच्या धाकट्याची बायको. धाकटा काविळीने गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि मिनी दुधपिती. पुष्पा शाळेत शिकवायची, मिनीला वाढवायची, दादाच्या घरात मान खाली घालून वावरायची. आता मिनी सहाची झाली होती आणि आर्वी डेपोतल्या देवराव नावाच्या कंडक्टरने पुष्पाला रीतसर मागणी घातली होती. तोही विधुर. पुष्पाने पत्रात चारच ओळी लिहिल्या होत्या. 'मला जायचं आहे, ताई. पण चोरासारखं नाही, या घराच्या आशीर्वादाने जायचं आहे. दादांनी तुमच्या झाडाकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला.'

मी रात्रभर आगगाडीत त्या पोपटांना शिव्या घालत बसले.

वर्ध्याला उतरून एसटीने सेलूला पोचले तेव्हा दुपार होती. गोदावरीवहिनीने गोळाभात केला होता (भिजवलेल्या डाळीचे वाटून वाफवलेले गोळे भातात कुस्करायचे आणि वर हिंग-मिरचीच्या फोडणीचं कढत तेल ओतायचं). पुण्यात हे कोणाला खायला घातलं तर तेल बघूनच माणूस डॉक्टरकडे जाईल. मी दोनदा वाढून घेतलं, आणि मग ओसरीत येऊन विषय काढला.

"दादा, पुष्पाचं काय ते..."

दादाने मान वर न करता भिंतीकडे बोट केलं. "वाच."

"मीच लिहिलंय ते."

"मंग? मॅट्रिक पास पोरीनं लिहिलं, खोटं असन का?"

"अरे, जागा उरली होती म्हणून लिहिलं मी!"

"जागा उरली म्हणून कोणी कुळाची गोष्ट लिहिते काय? तू आता पुष्पाच्या बाजूनं होऊन राह्यली, म्हणून खोटं बोलून राह्यली." मग तो थांबला आणि आवाज उतरवून म्हणाला, "तुळशीराम पाटलाच्या घरची सून हाय ते, कमळे. आन् पोरीचं काय? लेकरू घेऊन दुसऱ्याच्या दारी जाईन?"

तुळशीराम पाटील म्हणजे आमच्या घरचा देव. गावात पाण्याची मारामार होती तेव्हा त्यांनी विहीर खोदली आणि ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली. त्यांचा फेटा अजून खुंटीला आहे. दादा त्यांचं नाव घेतल्याशिवाय घास तोंडात घालत नाही.

"बरं," मी म्हटलं, "भाटाला बोलावू. वही पुन्हा वाचून घेऊ. पाट नसेल तर मी तोंड उघडणार नाही."

"आण," दादा म्हणाला. त्याचा माझ्या झाडावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

वहिनी दारात उभी होती. ती कधीच काही बोलत नसे, म्हणून मीही लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. भाटबुवांचं खेडं समुद्रपूरच्या पुढे. सेलूहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून समुद्रपूर, अशा तीन एसट्या. हिंगणघाटच्या स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक झणझणीत रस्सा) आणि डोळ्यांतून पाणी काढत पुढच्या गाडीत चढले. खिडकीबाहेर काळी माती, वेचणीला आलेला कापूस, मध्ये मध्ये तुरीचे पट्टे. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती. ती कोंबडी समुद्रपूर येईपर्यंत माझ्याकडे अशी बघत होती, की जणू तिनेही ते झाड वाचलं आहे.

समुद्रपूरहून पुढे गाडी नव्हती. कापूस बाजारात घालून परत निघालेली एक बैलगाडी मिळाली. मी ऐटीत काळी लोकरी शाल पांघरून गाडीत बसले. गाडीच्या फळ्यांना कापूस चिकटलेला होता, हे मला उतरताना कळलं. शालीचा काळा रंग औषधालाही शिल्लक नव्हता.

अंगणात खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "हे कोणतं पाखरू आलं बापा?"

"सेलूच्या तुळशीराम पाटलांची पणती."

"अरे बाप्पा! कमळाबाई! थ्या वक्ती लय सवाल विचारे तुमी. लिवतांनी जीभ बाहेर काढे." भाटबुवा हसले. त्यांच्या सुनेने भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं, वरून सढळ हाताने सांबार (कोथिंबीर) घातला. जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आले. वहीत आमच्याकडे कधी पाट लागल्याचं आहे का?

"वही इथं उघडत नाई, बाई. ज्याचं घर, त्याच्याच ओट्यावर."

"मग त्या वर्षी तुम्ही सगळं वाचलं होतं ना?"

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "त्या वर्षी पाण्यासंगं काय आणलं होतं तुमी?"

मला आठवलं. आजीने माझ्या हाती तांब्या आणि ताटली दिली होती. "गुळाचा खडा."

"हं. पाण्यासंगं गूळ आला, का आमी समजतो. गोड गोड वाचा, कडू पान गाळा. नुसतं पाणी आलं, का सगळं वाचा. आमच्या बापाजाद्यांपासून हेच चालत आलं. मरदाले कोणी सांगत नाई, लेकीले सांगत नाई. लेक तर जाणारच परक्या घरी. सासू सांगते सुनेले. हातानं कोणीबी आणो, धाडते ते चुलीची मालकीण."

म्हणजे कुळाचा इतिहास लिहायला जीभ बाहेर काढून बसलेल्या त्या दीडशहाण्या मुलीने स्वतःच्या हाताने त्या इतिहासाचं तोंड गोड केलं होतं! आणि वर लाल शाईने शिक्कामोर्तब.

"पण त्या पानावर आहे तरी काय?"

"पाणी कसं येते ते पाहू," भाटबुवा म्हणाले आणि भाच्याला गाडी जुंपायला सांगितलं.

मुक्काम समुद्रपुरात पुष्पाच्या मैत्रिणीकडे केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सेलूला आलो. वाटेत मी सगळा बेत आखला होता. गूळ म्हणजे वहिनी. वहिनी म्हणजे दादाची सावली. चार दशकं त्या घरात राहून तिने एकदाही 'पण' हा शब्द उच्चारल्याचं मला आठवत नव्हतं. म्हणून मी पोचल्याबरोबर स्वयंपाकघरात शिरले, गुळाचा डबा उचलला आणि ज्वारीच्या कोठीत खोल पुरून ठेवला. त्रेपन्नाव्या वर्षी! हाताला दाणे चिकटले होते, ते पदराला पुसत शहाण्यासारखी ओसरीत येऊन बसले.

दादा धुतलेलं धोतर नेसून बसला होता. पुष्पा खांबाआड, मिनी तिच्या पायाशी. भाटबुवांनी वहीचं लाल फडकं सोडलं, वहीला नमस्कार केला आणि म्हणाले, "पाणी येऊ द्या, पाटील."

"पाणी आणा वो," दादाने आत आवाज दिला.

मी मान लांब करून आत पाहिलं. गुळाचा डबा चुलीपाशी होता. झाकण उघडं. वहिनी त्याच्यापुढे उभी होती आणि हातात अडकित्त्याएवढा खडा.

पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. तिला गुळाचं काही ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा तिला वाचता येत होता.

वहिनी बाहेर आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात झाकलेली ताटली. तिने दोन्ही भाटबुवांपुढे ठेवलं आणि ताटलीवरचं झाकण काढलं. आत पेला होता. रिकामा, लखलखीत घासलेला. दुसरं काही नाही.

भाटबुवांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर नीट केला आणि त्यांच्या नजरेला नजर दिली. त्यांनी पाणी ओतून घेतलं, प्यायले आणि पान उलटलं.

"गोविंदा पाटलाची पयली बायको निपुत्रिक गेली हो. गोविंदानं पाट लावला सीतेसंगं. सीतेचा पयला घरधनी पटकीनं गेलता. सीता आली कडेवर पोर घेऊन. पोराचं नाव तुळशीराम. गोविंदाले मागून दुसरं लेकरू झालं नाई. तुळशीरामाचा वंश तो गोविंदाचा वंश, हो..."

'हो'ची तान संपली. अंगणात कावळा ओरडला. त्याला वाटलं असेल, आपणच काहीतरी बोलावं.

"पुन्हा वाचा," दादा म्हणाला.

भाटबुवांनी पुन्हा वाचलं. तेच.

"थ्या पयल्या घरधन्याचं नाव?"

"थे त्याच्या भाटाच्या वहीत असन, पाटील. माह्या वहीत नाई."

म्हणजे पाट लागला नाही असं म्हणणारे आम्ही सगळे त्या पाटातूनच आलो होतो. मला हसू यायला लागलं होतं, ते मी खोकल्यात लपवत होते. पण दादाकडे पाहिलं आणि खोकला आपोआप थांबला. तो खुंटीवरच्या फेट्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कोणीतरी देव्हाऱ्यातून देव उचलून नेला, असा त्याचा चेहरा झाला होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, मी हे करायला नको होतं.

मिनी उठून दादाच्या गुडघ्याशी गेली. "मोठेबाबा, तुळशीराम बाबा रडले नाई का, नव्या घरी?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "रडले असन, बेटा." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मंग विहीर खोदली."

पुष्पाने तोंडात पदर कोंबला.

"देवरावले सांगजो," दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाट लावाचा त याच ओट्यावर. आन् कमळे, थे फुलकोबी उतरव भिंतीवरून."

पस्तीस वर्षं त्याला ते फुलकोबीच दिसत होतं तर!

रात्री भांडी आवरताना मी वहिनीला गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सासूबाईनं सांगतलं होतं. गूळ देत जा म्हणे."

"आणि मी डबा पुरून ठेवला होता, तो..."

"कोठीत कोणी गूळ ठेवते काय, बाई? मुंग्या लागन." ती ताट पुसत राहिली. "मी खडा हाती घेतला होता. देणारच होती. मंग पुष्पा दिसली खांबाआड. माही लेक असती तं?" मग तिने खडा मला दाखवला. तोच. "आता खा. भाटबुवा गेले." आम्ही दोघींनी तो अर्धा अर्धा खाल्ला.

पाट माघात लागला. मला तेव्हा पुन्हा जावं लागलं, याबद्दल मी बिलकूल तक्रार केली नाही. परतताना वर्धा स्टेशनावर देवराव माझी बॅग आणि काचेतलं झाड घेऊन फलाटावर उभा होता. माझं त्याच्याशी काय नातं, हे कोणाला सांगता येईना. भावजयीचा नवरा. याला मराठीत शब्द नाही, म्हणून मी त्याला भाऊ म्हटलं. एक भाऊ गेला होता, ती जागा होतीच.

डब्यात समोरच्या काकूंनी कागदात गुंडाळलेल्या चौकटीकडे पाहून हात जोडले. "कोणत्या देवीचा फोटो?"

"मॅट्रिक पास देवी," मी म्हटलं. "नवसाला पावत नाही."

आता ते झाड पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आहे. गोविंदाशेजारी मी सीता काढली, कडेवर तुळशीराम. नातवंडं विचारतात, आजी, ही बाई माठ घेऊन कुठे चालली आहे? माझी चित्रकला काही सुधारलेली नाही. पोपटांच्या मधली ओळ मात्र खरवडून काढली आणि तिथली जागा पुन्हा रिकामी झाली. जाता-येता माझा हात शिवशिवतो. पण लाल शाईची बाटली सुनेने कुठेतरी लपवून ठेवली आहे. गुळाची गोष्ट मीच तिला सांगितली होती.