मॅनेजरबाईंचे सहा महिने

म्हैसूरजवळ बेळगोळला आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनायचे. मी तिथली मॅनेजर झाले आणि पंपांबरोबर किस्सेही बनायला लागले. पंपांना निदान ऑर्डर यावी लागायची, किस्से तसेच बाहेर पडायचे. आता सांगताना मोकळं वाटतं, पण तेव्हा माझा जीव टांगणीला होता.

झालं असं की जुने प्लँट मॅनेजर रिटायर झाले आणि चेअरमन मला म्हणाले, "मेडम, सध्या तुम्ही चार्ज घ्या. सहा महिने बघू." बारा वर्षं मी क्वालिटी सांभाळत होते. माझ्याआधीच्या कुठल्याच मॅनेजरचे सहा महिने कुणी बघितले नव्हते. मला ती खुर्ची मनापासून हवी होती, हे आधीच सांगून टाकते.

*

आमचं घराणं पिढ्यानपिढ्या म्हैसुरात, त्यामुळे सासूबाईंच्या मराठीत निम्मं कन्नड. जयलक्ष्मीपुरममधल्या आमच्या शेजारीणबाई मुलाच्या नोकरीसाठी गळ घालायला आल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "अय्यो, हिच्या हातात काय आहे मा? वरनं कागद येतात, ही सही करत्ये. अष्टे."

अष्टे म्हणजे इतकंच. शेजारीण गेल्यावर मी म्हटलं, "आई, माझ्या हाताखाली दीडशे माणसं आहेत."

"ठाऊक आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "ते सांगून दृष्ट लावून घेऊ का?"

*

फोरमन शिवण्णा तीस वर्षांपासूनचे जुने. एकदा मोठं लेथ मशीन बंद पडलं आणि ते माझ्या केबिनमध्ये आले. मी सगळं ऐकून म्हटलं, "बेअरिंग बदला."

"हो मेडम. एकदा साहेबांना विचारतो."

"कुठल्या साहेबांना?"

साहेब रिटायर होऊन मुलाकडे हुबळीला गेले होते. शिवण्णा बाहेर गेले, दोन मिनिटं व्हरांड्यात उभे राहिले आणि परत आत आले.

"विचारलं मेडम. बदला म्हणाले."

पुढे महिनाभर आमचं असंच चाललं होतं. साहेब एकदाही नाही म्हणाले नाहीत, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

*

पाचव्या महिन्यात बंगळूरला सगळ्या मॅनेजरांची मीटिंग होती. निमंत्रणावर छापलं होतं, मॅनेजरांसाठी मीटिंग आणि त्यांच्या लेडीजसाठी बसनं सिल्कच्या साड्यांची खरेदी. माझ्या नावावरची बसमधली सीट रिकामी जाऊ नये म्हणून माझा नवरा श्रीधर, कॉलेजात गणित शिकवणारा माणूस, सात बायकांबरोबर खरेदीला गेला!

संध्याकाळी आला तो जरीचे सगळे प्रकार पाठ करून. साडीही बरी आणली होती. मग कॉफी पिता पिता म्हणाला, "प्रभाकर म्हणून कुणी आहेत का तुमच्यात? त्यांच्या मिसेस म्हैसूरच्या विजयनगरात घर बघताहेत."

प्रभाकर म्हणजे आमच्या बंगळूरच्या प्लँटचे असिस्टंट मॅनेजर. त्यांना म्हैसुरात घर कशाला हवं, हे कळायला गणित लागत नव्हतं. चेअरमन दिवसभर माझ्या शेजारी बसले होते, पण त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. साड्यांच्या बसमध्ये मात्र ते सगळ्यांना ठाऊक होतं.

*

सहावा महिना संपत आला आणि आयुधपूजा आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशिनांची पूजा होते. मग मॅनेजर गेटसमोर कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडतो आणि त्यानंतरच मशीन चालू करायचं. पण बाईनं कोहळा फोडायचा नसतो. चेअरमन आले होते, आणि बरोबर प्रभाकर.

"मग हे फोडतील," भटजी प्रभाकरांकडे बघून म्हणाले.

कोहळा ज्याच्या हातात तो मॅनेजर, हे तिथल्या दीडशे माणसांना कळत होतं. मी मान हलवली आणि बाजूला झाले.

चेअरमनना आणखी एका ठिकाणी पूजेला जायचं होतं, म्हणून ते गाडीत जाऊन बसले. प्रभाकरांनी पांढरी पँट घातली होती. कुंकू उडू नये म्हणून त्यांनी कोहळा गुडघ्याच्या उंचीवरून जपून सोडला. तो फुटला नाही. उतारावरून गडगडत गेला आणि चेअरमनच्या गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून थांबला.

कुणी हलेना. भटजी म्हणाले, एकदा आपटलेला कोहळा उचलून परत आपटायचा नसतो, मार्केटातून दुसरा आणा. शिवण्णांनी कामगारांना बजावलं, "तोवर मशीनला हात लावायचा नाही." प्रभाकर आपली पँट न्याहाळत होते.

मी गाडीपाशी गेले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी पुढे घ्या."

त्यानं आरशात चेअरमनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि गिअर टाकला. फाटकन आवाज झाला. कुंकवाचे शिंतोडे बंपरपर्यंत उडाले आणि चेअरमनना आत चांगलाच हिसका बसला.

भटजींनी वाकून चाकाखाली बघितलं. मग म्हणाले, "फुटला."

चेअरमननी काच खाली केली. "मॅनेजर, मशीन चालू करा."

मी आणि प्रभाकर, दोघंही पुढे झालो.

"माझ्या ड्रायव्हरला ऑर्डर दिली, त्या मॅनेजर," चेअरमन म्हणाले आणि काच वर केली.