दाबून बसणारं कुलूप

बांद्याच्या बाजारात विश्राम मेस्त्रीचं कुलूप म्हटलं की लोक दुसरं बघत नसत. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि पलीकडून येणारा माल बंद झाला होता. विश्रामने आपल्या भट्टीत असं कुलूप काढलं, की लावताना चावी लागायची नाही. दांडा नुसता दाबला की टचकन बसायचं. डोक्यावर ओझं घेऊन शेताकडे निघालेल्या बायका एका हाताने दार बंद करून चालू लागत. बघता बघता थेट दोडामार्गापर्यंत दारांवर, पेट्यांवर तीच कुलपं दिसायला लागली.

१९५८ साली जत्रा तोंडावर आली असताना विश्राम दुपारी जेवायला घरी आला, तर त्याची बायको शेवंती दारात हसत उभी.

"चावी खंयतरी पडली," ती म्हणाली. "मगे रॉकेलच्या डब्याची पट्टी कापलंय, दांड्याच्या फटीत घातलंय नि जरा फिरवलंय. उघडला!"

"परत करून दाखव."

तिने दाखवलं. पान वाढलेलं तसंच राहिलं. विश्रामने कुलूप फोडून आत पाहिलं. आतली जीभ स्प्रिंगवर होती. दांडा आत शिरताना तिला मागे ढकलायचा, म्हणून तर कुलूप चावीशिवाय बसायचं. पण दांडा जे करतो ते पातळ पत्राही करू शकतो, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. लोक ज्या गुणासाठी कुलूप घेत होते तीच त्याची खोट होती, आणि ती एकूणएक कुलपात होती.

तो धावत आपल्या मित्राकडे, हरिश्चंद्राकडे गेला. हरिश्चंद्राचं बाजारात कापडाचं दुकान होतं, आणि दुकानालाही विश्रामचंच कुलूप.

"बोंब मारू नको," हरिश्चंद्र म्हणाला. "आज तू सांगलंस तर उद्या चोर पत्रो घेवन फिरतले. जत्रेक सगळी घरां बंद असतली. गुपचूप दुरुस्त करून घे."

त्याचं म्हणणं विश्रामला पटलं. जिभेमागे अडणी, म्हणजे लोखंडाचा एक आडवा तुकडा, बसवला की पत्र्याने जीभ हलणार नव्हती. मात्र मग कुलूप लावायलाही चावी लागणार होती. तेल घालायचं निमित्त सांगून तो दारोदार कुलपं मागत फिरू लागला. कुणी दिली. कुणी, चांगलं चाललंय, म्हणून त्याला हसून परत पाठवलं. एकीने तर दुरुस्त केलेलं कुलूप आणून आपटलं, "ह्या पयल्यासारखा टचकन बसना नाय, बिघडवलंस!"

रुक्मिणी ही विधवा बाई शाळेत शिकवायची, एकटीच राहायची. आईच्या दोन पाटल्या तेवढ्या तिच्या पेटीत होत्या.

"वयनी, कुलूप जरा दिया. तेल घालून सांजेक आणून देतंय."

"बरा चलता रे. जत्रेच्या तोंडावर पेटी उघडी खंय ठेवू? जत्रा झाल्यार ये."

खरं कारण त्याच्या जिभेवर आलं होतं. ओटीवर दोन माणसं बसली होती, म्हणून त्याने ते गिळलं.

जत्रेहून परतल्यावर रुक्मिणीने चावीने पेटी उघडली. पाटल्या नव्हत्या. चोराने काम झाल्यावर पेटीचं नि दाराचं कुलूप पुन्हा दाबून बसवलं होतं. फुटलेलं काही नाही, ओरखडासुद्धा नाही. त्यामुळे चोर आला होता यावर कुणाचा विश्वास बसेना. तिचा दीर बाबली देवळाच्या आवारात सगळ्यांसमोर म्हणाला, "कुलूप जशाच्या तसा, मगे पाटल्यो काय वाऱ्यान गेल्यो? आमका वाटो मिळाक नको म्हणान हिणाच लपयल्यान."

रुक्मिणी खांबाला धरून उभी होती. रडत नव्हती.

विश्राम पुढे झाला. त्याने तिच्या हातातलं कुलूप घेतलं, खिशातली पट्टी काढली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते उघडलं.

"वयनीन कायएक करूक नाय," तो म्हणाला. "खोट माझ्या कुलपात आसा. सगळ्याच कुलपांत आसा."

मग मागून आवाज आला, "तुका कधी कळला?"

"जत्रेच्या आदी."

मग एकच गलका झाला. जत्रेआधी ज्यांनी त्याला हसून परत पाठवलं होतं तेच आता त्याच्या अंगावर धावून आले. फौजदाराने त्याला चौकीवर नेलं. "उघडायची युक्ती तुम्हालाच माहीत होती. मग तुम्हीच कशावरून नाही?" असं त्याने दरडावून विचारलं. जत्रेचा सगळा वेळ तो भट्टीवर अडण्या ठोकत होता हे हरिश्चंद्राने सांगितलं, तेव्हा कुठे तो सुटला.

घरी आला तर अंगणात कुलपांचा ढीग. लोकांनी लांबूनच फेकून दिली होती. त्याने एकेक उचलून दुरुस्त करायला घेतलं. हात भाजले तरी थांबेना. शेवंती रोज जेवण भट्टीवर नेऊन ठेवायची आणि बरेचदा तसंच परत आणायची. "मी ती पट्टी कापूकच नको होती," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

रुक्मिणी बऱ्याच दिवसांनी कुलूप घेऊन आली. अडणी बसेपर्यंत ती भट्टीपाशी उभी राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "तू तेव्हा खरा सांगलंस असतंस, तर मी कुलूप दिलंय असतंय."

पाटल्या कधीच सापडल्या नाहीत. चोर कोण तेही कळलं नाही. बाबलीने वहिनीची माफी मागितली नाही, आणि पुढल्या वर्षी ती बदली मागून मालवणकडे निघून गेली.

गोवा मोकळा झाल्यावर पलीकडचे लोक बांद्यात येऊ लागले आणि दाबून बसणारं कुलूप मागू लागले. विश्रामने ते पुन्हा केलं नाही. जे कुलूप करायचा, त्याचं काय वाईट ते आधी सांगायचा आणि मगच किंमत बोलायचा. शेवंतीला राग यायचा. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं, मान डोलवायचं आणि पुढच्या दुकानात जायचं.