शिट्टीचा रविवार

रविवार हा वार माणसाच्या विश्रांतीसाठी असतो, ही गोष्ट आमच्या मोठ्या दिरांना कोणी कधी सांगितलीच नाही. सांगितली असती तरी त्यांनी सांगणाऱ्याच्या खांद्यावर सतरंजी ठेवली असती आणि त्याला चालवत नॅशनल पार्कात नेलं असतं. मी लग्न होऊन बोरिवलीच्या चाळीत आले तेव्हा घरात दोन खोल्या आणि पाच माणसं होती. भाऊजी, जाऊबाई, त्यांची लहानगी मंजू, आमचे हे आणि मी. सोमवार ते शनिवार भाऊजी इतके गरीब, की आमटीत मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. मान खाली घालून जायचे, मान खाली घालून यायचे. पण रविवार उजाडला की अंगात इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्यात शिट्टी. ही शिट्टी त्यांना गणपतीच्या मिरवणुकीत माणसं आवरायला मिळाली होती. मंडळाने ती परत मागितली नाही. चूक मंडळाची आणि शिक्षा मला. दूध यायच्या आधी ती माझ्या कानाशी वाजायची आणि भाऊजी उंबऱ्यातून ओरडायचे, "उठा गे! घरात बसान काय करतलास?"

काय करणार म्हणजे? झोपले असते. डोक्यावरून न्हाऊन केस वाळवत बसले असते. सहा दिवस पाण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला घरात बसून काय करायचं हे विचारावं लागतं का? पण हे सगळं मी मनात बोलायचे. मोठ्या दिरांसमोर बोलायची आमच्यात रीत नाही, आणि माझी जीभ तर कोणासमोरच उचलत नाही. आमचे हे शिट्टी ऐकली की मुकाट्याने सतरंजी गुंडाळायला लागायचे. दादापुढे ह्यांनी कधी तोंड उघडलं असेल तर ते घास घ्यायला.

आता बाहेर जायचं म्हटल्यावर त्या दिवशी तरी चुलीला सुट्टी असेल, असं कोणालाही वाटेल. छे! काळ्या वाटाण्यांची उसळ, डबाभर घावणे, बाटलीत सोलकढी, आणि वर रॉकेलचा स्टोव्ह. कारण बाहेरचा चहा भाऊजींच्या मते चहाच नव्हे. तो पितळी स्टोव्ह मी हातात धरून बसमधून न्यायचा. पहिल्याच रविवारी भाऊजी जाऊबाईंना म्हणाले होते, "स्टोव्ह हिच्याकडे दे. हिचो हात थिर आसा." लग्नानंतर सासरी झालेलं माझं पहिलं कौतुक, आणि त्याचा असा उपयोग! रॉकेल सांडेल म्हणून मी हलायचे नाही, आणि कंडक्टर माझ्याकडे असा बघायचा की जशी मी बस पेटवायलाच निघालेय.

पण खरा संताप यायचा तो जागेवर पोचल्यावर. नॅशनल पार्क असो की आरे कॉलनी, आमच्या आधी आलेली शहाणी माणसं मोठमोठ्या झाडांखाली गार सावलीत बसलेली असायची. शेजारी आणखी एखादं रिकामं झाडही असायचं. भाऊजी त्या झाडाकडे बघायचे, सूर्याकडे बघायचे, मान हलवायचे आणि आम्हाला नेऊन रखरखीत उन्हात बसवायचे. त्यांचा हिशोब असा, की आता जिथे सावली आहे तिथे जेवणाच्या वेळी ऊन येणार, आणि आता जिथे ऊन आहे तिथे सावली चालत येणार. मग मागाहून उठून जागा बदलणारे मूर्ख नाहीत का? "जरा दम धरा. सावली येता," असं म्हणत ते उन्हात मांडी घालून बसायचे. आम्ही डोक्यावर पदर ओढून, घाम पुसत, त्या सावलीची वाट बघायचो. आणि राग कशाचा म्हणाल, तर सावली खरंच यायची. शेजारची माणसं सतरंज्या ओढत उठली की भाऊजींचा चेहरा असा फुलायचा की जशी ती सावली त्यांनीच विणली. तोवर मंजू टोमॅटोसारखी लाल झालेली आणि उसळीला वास सुटलेला, त्याचं काय?

जेवण झालं की खेळ. मोठ्यांनीसुद्धा. "फक्त पोरांनीच खेळाचा, असा खय लिवला हा?" असं म्हणून ते शिट्टी वाजवायचे आणि जाऊबाई आणि मी पाचवारी साडीत लंगडी घालायचो. आरे कॉलनीत एकदा दुधाच्या गाडीवरची माणसं गाडी थांबवून आमची लंगडी बघत राहिली. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. भाऊजी त्यांना म्हणाले, "बघतास काय? उतरा, गडी कमी आसत!"

गोराईला तर कहरच झाला. होडीतून पलीकडे गेलो. भाऊजींचा जन्म मालवणच्या किनाऱ्यावरचा, त्यामुळे समुद्र आपल्या घरचाच, असा त्यांचा समज. त्यांनी बोटांवर तिथी मोजली, गावाकडची भरती-ओहोटी आठवली आणि सांगितलं, "पाणी आता मागे जातला. स्टोव्ह हयच मांडा." मी मांडला. पाणी मागे गेलं नाही. ते पुढे आलं आणि आधी घावण्यांचा डबा, मग भाऊजींची एक चप्पल घेऊन गेलं. मी स्टोव्ह छातीशी धरून पळाले. वाळूत मासळी सुकवणारी एक बाई पोट धरून हसली. "काका, हा समुद्र आमच्या गावचा आहे, तुमच्या नाही!" भाऊजी एका पायात चप्पल घालून गंभीरपणे म्हणाले, "हयल्या समुद्राक शिस्त नाय."

हे सगळं मी सोसलं असतं. पण रविवारी संध्याकाळी टीव्हीवर पिक्चर असायचा. वरच्या मजल्यावरच्या एका वहिनींकडे टीव्ही होता आणि अख्खी चाळ तिथे जमायची. आम्ही मात्र तो पिक्चर संपल्याशिवाय घरी परतायचोच नाही. भाऊजी मुद्दाम उशीर करायचे. अगदी परतीच्या वाटेवर, चाळ दिसत असताना, त्यांना मंजूला पार्कातली माकडं दाखवायची आठवण व्हायची. सोमवारी नळावर बायका पिक्चरची गोष्ट बोलत असायच्या आणि मी हंडा भरत ऐकायचे. एकीला शेवट सांगायची घाई, दुसरीला रडू. सगळ्या बायकांनी पाहिलेलं आपण का पाहू नये? मला एकदा, फक्त एकदा, एक अख्खा पिक्चर पाहायचा होता. याहून जास्त मी सासरी काही मागितलं नव्हतं. हेही मागितलं नव्हतंच.

मग एका रविवारी शिट्टी वाजली आणि मी उठले नाही. माझ्याच तोंडून आवाज आला, "मी आज येणार नाही." ह्यांच्या हातातली सतरंजी सुटली. भाऊजींनी माझ्याकडे नाही, स्टोव्हकडे पाहिलं. "बरा," एवढंच म्हणाले. मंजूनेही माझ्याबरोबर राहायचा हट्ट धरला. ते तिघं गेले.

संध्याकाळी मी केसांत गजरा माळला, मंजूची वेणी घातली आणि आम्ही वर गेलो. आत जागा नव्हती, म्हणून उंबऱ्याशी चपलांच्या ढिगाजवळ बसलो. मला त्याचंही काही वाटलं नाही. पिक्चर सुरू झाला. नायिकेचं लग्न मोडलं, ती घर सोडून निघाली, आणि तेवढ्यात जिन्यातून वहिनींचे पाहुणे आले. वहिनी उठल्या, आमच्याकडे बघत म्हणाल्या, "चला, दारातली मंडळी उठा बघू. पाहुण्यांना जागा लागेल." आम्ही उठलो. दार लागलं. मंजू खिडकीकडे न जाता तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, "खिडकीतून दिसेल गं."

"नाही काकी. आता पडदा पण ओढतील."

"तुला काय माहीत?"

"बाबांच्या वेळेला ओढला होता."

मग ती सहज सांगत गेली, जशी शाळेतली गोष्ट सांगावी. माझ्या लग्नाआधी भाऊजी तिला घेऊन दर रविवारी इथे पिक्चरला यायचे. एकदा चित्र हलायला लागलं. वहिनी म्हणाल्या, अहो, जरा गच्चीत जाऊन अँटेना फिरवता का? भाऊजी धावत गेले. वरून ओरडत राहिले, "आला काय? आला काय?" सगळे खालून ओरडले, आला! ते काळे हात घेऊन खाली उतरले, तर दार बंद आणि मंजू बाहेर चपलांत उभी. त्यांनी दार वाजवलं. आतून आवाज आला, जागा नाही हो. "मग बाबांनी मला खांद्यावर घेऊन पार्कात नेलं. गेट बंद झालं होतं. मग आम्ही बाहेरूनच माकडं बघितली."

मला इतका राग आला की कानशिलं गरम झाली. आधी त्या वहिनींचा. माणसाला गच्चीत चढवून दार लावून घेता? मग भाऊजींचा. एवढी गोष्ट घरात एका शब्दाने सांगितली असती, तर मी काय उन्हात तोंड वाकडं करून बसले असते?

जिन्यात पावलं वाजली. त्या दिवशी पिक्चर संपायच्या आधीच परतलेले भाऊजी आम्हाला शोधत वर आले होते. गळ्यात शिट्टी, हातात स्टोव्ह. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, मंजूकडे पाहिलं, माझ्या गजऱ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "पिक्चर कसो होतो?"

मी म्हटलं, "काही खास नव्हता."

"माका ठावक होता," ते म्हणाले आणि स्टोव्ह माझ्या हातात दिला.

पुढे आमच्या ह्यांनी टीव्ही घेतला. आता तरी अख्खा पिक्चर दिसेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं! पण पिक्चरच्या वेळी भाऊजी दार सताड उघडून गॅलरीत शिट्टी वाजवतात, "या रे, सगळे आत या! चपला घेऊन आत या!" चाळीतली पोरं पार पलंगाखालपर्यंत बसतात. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते, आणि मला नायकाच्या फक्त भुवया दिसतात. भाऊजी स्वतः एक फ्रेमसुद्धा बघत नाहीत. बाहेर गॅलरीत, उघड्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसतात. गुडघे गेल्यापासून फिरणं बंद झालंय. स्टोव्ह माळ्यावर आहे.

परवाच्या रविवारी मी त्यांना चहा द्यायला बाहेर गेले. उतरतं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं. म्हटलं, "भाऊजी, स्टूल सरकवा ना, किती ऊन लागतंय."

"थांब गो. सावली येता."

मला चीड आली, नाही असं नाही. मी कप ठेवला आणि उंबऱ्यात बसले. आत पोरं टाळ्या पिटत होती, पिक्चर रंगात आला असावा. समोरच्या इमारतीची सावली गॅलरीचे गज ओलांडून हळूहळू आत आली, भाऊजींच्या पायांवर चढली, शर्टाच्या इस्त्रीवर आली. सांगावंसं वाटलं, की बघा, आली. पण त्यांचा डोळा लागला होता. म्हटलं, रविवार आहे, झोपू देत.