बंद घराची नोंद

आमच्या वस्तीला घरकुल द्यायचं नगर परिषदेने ज्या सभेत ठरवलं, त्याच सभेत डिझेलच्या घंटागाड्या काढून बॅटरीच्या घ्यायचंही ठरलं. मी तेव्हा सभागृहाबाहेरच्या बाकावर बसले होते. रजेच्या अर्जावर आरोग्य निरीक्षकांची सही हवी होती आणि ते आत होते. दार उघडंच होतं. घरकुलाचा विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. गाड्यांवर मात्र खूप वेळ बोलणं चाललं. रंग हिरवा की पिवळा, आणि मागच्या बाजूला कोणाकोणाचे फोटो लावायचे. शेवटी हिरवा ठरला. फोटोंचं पुढच्या सभेवर गेलं.

मी बारावी झालेली. लग्न होऊन या गावात आले आणि काही वर्षांनी घंटागाडीवर मदतनीस म्हणून लागले. गाडीमागे चालायचं, ओला-सुका वेगळा करून घ्यायचा, प्रत्येक दारावरच्या क्यूआर कोडच्या पाटीसमोर मोबाईल धरायचा की त्या घरची नोंद होते. आमची वस्ती आठवडी बाजाराच्या मागे, सरकारी जागेवर. टिनाची आणि कुडाची घरं. माझे मिस्टर बाजार समितीत हमाली करतात, म्हणून आम्ही बारा महिने गावात. वस्तीतली निम्मी घरं मात्र दसरा झाला की ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात.

आमच्या भिंतीला भिंत लागून होतं वहिनीचं घर. तिच्या नवऱ्याला माझे मिस्टर दादा म्हणतात, म्हणून ती वहिनी, नाहीतर नातं काही नाही. माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा जऊळक्याला, माहेरी, माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. बाळाला रोज न्हाऊ घातलं ते वहिनीने. ऊसतोडीला जाताना ती घराला कुलूप लावायची आणि किल्ली माझ्याकडे द्यायची. मी अधूनमधून दार उघडून झाडून घ्यायची, उंदीर-घुशींनी काही पोखरलं का ते बघायची.

बॅटरीच्या गाड्या पावसाळ्यात आल्या. जुन्या ड्रायव्हरांना त्या पसंत पडल्या नाहीत. एक जण गाडीभोवती चक्कर मारून म्हणाला, "हे काय खेळनं हाय काय वो? बसस्टँडच्या चढावर बंद पडलं त ढकलीन कोन?"

निरीक्षक वैतागले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, तुमी चालवता काय?"

"शिकवा, मंग चालवीन," मी म्हणाले. त्यांनी बहुतेक गमतीने विचारलं होतं. मी खरंच बोलले.

आयटीआयच्या मैदानावर पंधरा दिवस शिकले, वाशिमला जाऊन लायसन काढलं. पहिल्या दिवशी फजिती झाली. गाडीला आवाजच नव्हता, आणि गाणं वाजवायचा भोंगा अजून बसवला नव्हता. अर्धी गल्ली पार झाली तरी एक बाई बाहेर आली नाही. मग मदतनीस ताट बडवत पुढे चालली आणि मी मागून. बसस्टँडच्या चढावर गाडी बंद पडली नाही, पण दुपारी शेवटच्या कॉलनीत पोचेपर्यंत बॅटरीचा लाल दिवा लागायचा. मग आम्ही ती कॉलनी सकाळी सगळ्यात आधी घ्यायला लागलो. डिझेलच्या धुराने मला कायम खोकला असायचा, तो कमी झाला. कोणीतरी माझा गाडीवरचा फोटो काढून गावभर मोबाईलवर पाठवला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. थोडी ऐटही आली होती.

थंडीत घरकुलाचा सर्व्हे झाला. दुपारची वेळ होती. मी नुकतीच कामावरून आले होते, पोटात भूक होती आणि तव्यावर भाकर होती. बाहेर सर्व्हेचे साहेब आले. आमच्या घराची माहिती मिस्टरांनी दिली आणि ते कामावर निघून गेले. मग साहेब वहिनीच्या दाराशी गेले आणि कुलूप बघून तिथूनच विचारलं, "इथे कोण राहतं?"

मी चुलीपाशीच होते. उठले नाही. तिथूनच ओरडून सांगितलं, "आता कोनी नाई राहत. गेले ते."

साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. कुलपाचा फोटो काढला, हातातल्या टॅबवर काहीतरी टिपलं आणि पुढच्या घराकडे वळले. उसाला गेलेत, पाडव्याला येतील, हे दोन शब्द मला बोलता आले असते. भाकर करपेल म्हणून मी बोलले नाही. त्या वेळी त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

होळीच्या आधी यादी लागली. नगर परिषदेच्या फलकावर माझ्या मिस्टरांचं नाव होतं. वहिनीच्या घराचं नाव अपात्र म्हणून खाली होतं आणि समोर शेरा होता: 'कायम वास्तव्य नाही.' मी तो शेरा दोन-तीनदा वाचला. माझ्या तोंडचं वाक्यच जरा नीट करून लिहिल्यासारखं होतं ते. खाली हरकत घ्यायची मुदत दिली होती. वहिनीला फोन करायला हवा होता. मी केला नाही. आल्यावर बघू, साहेबांना आपणच सांगू, असं म्हणत मी दिवस काढले आणि मुदत गेली.

पाडव्याच्या दोन दिवस आधी वहिनी आली. सामान उतरवायच्या आधी तिला यादीचं कळलं होतं. तिला वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन फलकापाशी गेली. मी शेरा वाचून दाखवला.

"मंग हे काहून लिहिलं त्याइनं?" तिने विचारलं. "आमी राहतो नाई काय अठी?"

"चुकलं असन त्याइचं," मी म्हणाले.

हे खोटं बोलून मी घरी आले. मिस्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सांगून टाक तिले. तिले बाहेरून समजन त लय वाईट दिसन." तरी मला चार दिवस लागले. मग एका सकाळी नळावर आम्ही दोघीच होतो तेव्हा मी सांगितलं. सर्व्हेचा साहेब आला होता, त्याने विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते जसंच्या तसं.

वहिनीचा हंडा भरून वाहत होता. तिने तो बाजूला घेतला नाही.

"किल्ली त तुह्याच घरी व्हती ना माही," ती म्हणाली.

तिने हंडा उचलला आणि गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. भांडली असती तर बरं झालं असतं. समोरासमोर आलो की ती वाट देऊन बाजूला व्हायची.

मी घरकुल विभागात गेले. तिथले बाबू सभ्य होते. म्हणाले, हरकतीची तारीख गेली, आणि आता नाव घालायचं तर हे घर खरंच राहतं आहे याचा कागद पाहिजे. लाइटचं बिल आहे का? वस्तीत कोणाच्या नावाने मीटर नव्हता. मतदान कार्ड? ते रिठदचं, वहिनीच्या सासरच्या मूळ गावचं. मी परत आले.

तीन-चार दिवसांनी आमच्याच वस्तीत फेरी चालू होती. मदतनीस वहिनीच्या दारावरच्या पाटीसमोर मोबाईल धरून उभी होती. टुक असा आवाज झाला आणि नोंद पडली. मी गाडी तिथेच थांबवली. या नोंदी कुठेतरी साठत असणार, हे तोवर कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, ते कचऱ्याचं हाय. घराचा पुरावा नाई होत तो."

"होत नाई त नाई. तुमी कागद त काढून द्या."

त्यांनी आढेवेढे घेतले, पण दिला. पाट्या बसल्या तेव्हापासूनच्या नोंदी त्यात होत्या. पाडवा ते दसरा रोजच्या रोज, मग मोकळं, मग पुन्हा पाडव्यापासून. दर वर्षी तसंच. त्याला जोडून मी स्वतःचा अर्ज लिहिला: सर्व्हेच्या दिवशी चुकीची माहिती मी दिली, घर राहतं आहे, कुटुंब ऊसतोडीला गेलं होतं. खाली सही केली. मिस्टर म्हणाले, "तुह्या नोकरीवर आलं त?" मी कंत्राटावर होते, त्यांची भीती खोटी नव्हती. अर्ज मी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांना दिला आणि त्यांनी तो सभेत ठेवला.

या वेळी मला आत बोलावलं. वहिनीलाही बोलावलं होतं. आम्ही एकाच बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

कागद फिरला तसे एक सदस्य हसले. "आता कचऱ्याच्या नोंदीवर घरं वाटाची काय?"

"कचरा राहत्या घरातूनच निंघते ना, भाऊ," अध्यक्षाबाई म्हणाल्या.

दुसरे म्हणाले, "पन सहा-सहा महिने मानसं गावात नसते. मंग रहिवासी कसे म्हनाचे?"

कोणी मला विचारलं नव्हतं, तरी मी उभी राहिले. "साहेब, उसाच्या फडात कोनी घर नाई करत. तठी पाचटाची कोपी असते. फड सरला का कोपी मोडते अन् मानसं अठी येते. त्याइचं घर अठीच हाय. मी म्हनलं का गेले ते, ते माही चूक हाय."

मग अध्यक्षाबाईंनी वहिनीला विचारलं, किती वर्षं राहता. वहिनीने वर्षं सांगितली नाहीत. "माह्या पोरीचं लगन अठूनच केलं," ती म्हणाली. "मांडवाले तुमीच आल्ता."

सभेत थोडं हसू झालं. मुख्याधिकारी म्हणाले की असं असेल तर एकच घर का, कुलूप असलेली सगळीच पुन्हा बघावी लागतील. तसा ठराव झाला. आणखी तीन घरं निघाली. त्यातली दोन पुरवणी यादीत आली. तिसऱ्याच्या दारावर पाटीच नव्हती, कारण पाट्या बसवल्या तेव्हा ते घर बंद होतं. त्या घरच्या म्हाताऱ्याचं काम अजून अडकलेलं आहे. दर महिन्याला तो बाबूंकडे जातो, कधी कधी मी त्याच्यासोबत जाते. माझ्या नोकरीला काही झालं नाही. कोणी शाबासकी दिली नाही आणि बोलणीही बसली नाहीत.

वहिनीचं नाव पुरवणी यादीत आलं त्या दिवशी ती स्वतः आमच्या दारात आली. आत आली नाही. "आलं म्हनते नाव," एवढं म्हणाली. मी चहा ठेवते म्हणाले तर नको म्हणाली, काम आहे. पण त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. पहिल्यासारखं नाही. पहिल्यासारखं होईल असं मी धरूनही बसलेले नाही.

आता माझ्या घराचा स्लॅब टाकून झाला आहे आणि आम्ही दारं-खिडक्यांच्या मागे आहोत. वहिनीच्या भिंती खांद्याएवढ्या आल्या आहेत. या दसऱ्याला दादा मुलाला घेऊन उसाला गेले. वहिनी पहिल्यांदाच गावात राहिली, कारण भिंतींना पाणी मारायला कोणीतरी हवं होतं. परवा दुपारी तिने मला हाक मारली. न्हाणी गल्लीकडे काढू की मागे, असं विचारत होती. मी मागे म्हणाले. मिस्त्री म्हणाला, मागे काढली तर पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. शेजारी म्हणजे आम्हीच. आमची तिघांची त्यावर बराच वेळ वादावादी झाली. काही ठरलं नाही, आणि माझी गाडी चार्जिंगवरून काढायची वेळ झाली म्हणून मी निघाले.