दारातली सोनेवाली आणि मामांचे कान

आपल्या कानांवर आपण होऊन झाकणं बसवून घेणारा आणि तरीही बायकोच्या एका इशाऱ्यावर ताडकन उठणारा नवरा अख्ख्या नागपुरात एकच झाला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. माझ्या बायकोचे हे धाकटे मामा. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि धरमपेठेतल्या आपल्या अंगणात कोळी ओळखत बसले. लोक या वयात देवाधर्माला लागतात, मामा कोळ्यांना लागले.

कोळी म्हणजे कोणताही नव्हे हं! छताच्या कोपऱ्यात जळमटं करणाऱ्यांना मामांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. ते खुशाल झाडा. मामांचा जीव जडला होता तो चाकासारखं गोल, आरे काढून रेखीव जाळं विणणाऱ्यांवर. जाळ्याच्या मधोमध पांढरी फुली काढून बसते ती फुलीवाली. संध्याकाळी नवं जाळं घालून सकाळी तेच गिळून टाकते ती काटकसरी. आणि पिवळ्याधमक रेशमाचं, दोन झाडांना पुरेल एवढं जाळं घालते ती सोनेवाली. नावं त्यांनीच ठेवलेली. जाळ्यात दिसते ती बहुधा बाईच, असं ते सांगत. नर बिचारा तिळाएवढा, काठावर उभा. "तो आधी धागा हलवून परवानगी मागते. नाही मागतली तर ती खाऊन टाकते त्याले," असं म्हणून मामा स्वयंपाकघराच्या दिशेनं एक नजर टाकत.

आता ही झाकणं. विमानतळावर नोकरी करणाऱ्या एका मित्रानं त्यांना विमानाच्या आवाजापासून कान वाचवायचा जुना हेडफोन दिला होता. दोन कानांवर दोन वाट्या आणि डोक्यावरून पट्टी. वायर नाही, गाणं नाही, नुसती शांतता. "कोळ्याले कान नसतात, तो धाग्यावरून ऐकते. जाळं पाहाचं तर आपलेही कान बंद पाहिजेत," हे मामांचं शास्त्र. मग ते जाळं पाहताना घालत, जेवताना घालत, भाजी आणायला जाताना घालत. क्रिकेटच्या दिवसांत पानठेल्यावरच्या मंडळींची खात्रीच होती की मामा कॉमेंट्री ऐकतात. "मामाजी, स्कोर क्या हुआ?" एकानं विचारलं. जगातला प्रत्येक माणूस आपल्याला कोळ्याचे पायच विचारतो अशा समजुतीत वावरणाऱ्या मामांनी हसून सांगितलं, "आठ!" पानठेल्यावर सुतक पसरलं. आठ गडी गेले म्हणून दोघांनी हातातले विडे परत ठेवले.

मामी मात्र मामांना पुरून उरणाऱ्या. हाका मारून घसा बसला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओसरीवरच्या आरामखुर्चीच्या हातापर्यंत सुतळी बांधली. एकदा ओढली तर चहा, दोनदा ओढली तर जेवण, तीनदा ओढली तर पाहुणा आला. मामा या व्यवस्थेवर बेहद्द खूश होते. आपल्या बायकोला शेवटी कोळ्याची अक्कल आली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

बिनसलं ते त्यांच्या लेकीच्या पहिल्या दिवाळसणाला. सोनेवालीनं फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत जाळं घातलं आणि मामांनी पुढचं फाटक बंद करून टाकलं. सगळं घर मागच्या दारानं, मोरीजवळून ये-जा करू लागलं. मी पडलो भाचीचा नवरा, मुकाट्यानं वाळत घातलेल्या धोतरांखालून वाकून जात होतो. पण मामींना सख्खा जावई यायचा होता.

"जावईबापू, तुम्हीच समजवा यांले," मामी माझ्यासमोर कडाडल्या. "नवा जावई मोरीतून येईन का घरात? लोक तोंडात शेण घालतीन!"

मामांनी एक वाटी उचलून ऐकलं. "अवं, ती अंडी घालाच्या बेतात आहे. बाळंतिणीले कोणी उठवते का?"

"मंग तिच्याच हातचं खा!" म्हणाल्या आणि मामी पिशवी भरून कामठीला भावाकडे निघून गेल्या. जाळं निघाल्याशिवाय पाय ठेवणार नाही, असं बजावून. दिवाळी तोंडावर, चकलीचा पत्ता नाही, लेक-जावई येऊ घातलेले!

मामांनी पहिल्या दिवशी ऐट केली. मग सुतळीकडे बघत बसू लागले. एका सकाळी मी गेलो तर हेडफोन मांडीवर, कान उघडे. असं दृश्य मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

"काहून, मामा?"

"आवाजच नाही गा घरात. मंग झाकू काय?" मामा लगेच उठले, खुर्चीची सुतळी सोडून खिशात कोंबली आणि मला घेऊन कामठीची बस पकडली.

मामींच्या भावाचे यंत्रमाग घराखालीच. जिन्यावर पाय ठेवला आणि त्या खडखडाटानं माझे दात हलले. वर मामी कानात कापूस कोंबून, दाराकडे पाठ करून बसलेल्या. हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मामा उंबऱ्यावरच थांबले. सुतळीचं एक टोक माझ्याकडे देऊन मामींच्या पाठीवरच्या पदराला हळूच बांधायला लावलं, दुसरं आपण धरलं आणि अगदी अदबीनं तीनदा ओढलं.

पाहुणा आला.

मामींनी वळून पाहिलं. मामा पुढे झाले आणि आपला हेडफोन त्यांनी मामींच्या कानांवर चढवला. मामींचे डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. मग त्या मागांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अगं बाई! एवढं सुख तुम्ही एकलेच भोगून राहिले होते का इतकी वर्षं?"

त्याच दिवशी परतल्या आणि सुतळी पुन्हा खुर्चीच्या हाताला बांधली गेली. जाळं काही निघालं नाही. नव्या जावयाला मोरीजवळच ओवाळताना मामींनी स्वतः सांगितलं, "पुढच्या दारात बाळंतीण बसली आहे, समजून घ्या." हेडफोनच्या मात्र पाळ्या लागल्या. सकाळी मामा, दुपारनंतर मामी.

मामा जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. परवा दुपारी गेलो. फाटकाशी जाळं होतं म्हणून सवयीनं मागून शिरलो. स्वयंपाकघरात मामी कानांवर वाट्या चढवून, पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. कशाला दचकवा, म्हणून ओसरीवर जाऊन मामांच्या खुर्चीत टेकलो. थोड्या वेळानं हाताखाली सुतळी हलली. एकदा, दोनदा.

तीनदा ओढून कळवावं म्हटलं, पण धीर झाला नाही. हात धुऊन आत गेलो. पाटांसमोर दोन ताटं वाढलेली होती. मामींनी माझ्याकडे पाहिलं, सावकाश हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "आले का जावईबापू? बसा. ताट वाढलेलंच आहे."