खोक्यावरचं कुंकू

चेन्नईतली ती खंडेनवमी मी अजून विसरलेलो नाही. पेरुंगुडी भागातल्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. हद्दीत एका धर्मादाय संस्थेचं केंद्र होतं. गरीब घरच्या मुलामुलींना तिथे वेल्डिंग फुकट शिकवत. संस्थेला देणगीतून नवी कोरी यंत्रं मिळाली होती. सणाची सुट्टी संपवून केंद्र उघडलं, तर खोकी फोडलेली आणि यंत्रं गायब.

तक्रार घेऊन व्यवस्थापक आला आणि त्याने थेट एका विद्यार्थिनीचं नाव घेतलं. पूजेच्या सकाळी किल्ली तिच्याकडे दिली होती म्हणे. मुलगी आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरातली. ओरगडमच्या मोटार कारखान्यात तिची निवड झाली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. आरोपी म्हणून नाव लागलं असतं, तर पोलीस पडताळणीतच नोकरी गेली असती. मी गुन्हा अज्ञात इसमावर नोंदवला. व्यवस्थापकाने तोंड वाकडं केलं. केलं तर केलं.

महिला शिपायासमोर तिचा जबाब घेतला. रडली नाही, ताठ बसून बोलली.

"कुलपाची सावी मॅनेजरांनीच दिली, सार. पूजा कर म्हणाले. खोकी उघडू नको, पाहुणे आल्यावर उघडू म्हणाले. मी वरूनच चंदन-कुंकू लावलं."

"आत यंत्रं होती का?"

"कसं सांगू, सार? मी पाहिलंच नाही."

खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त सांगतो. ही पाहिलं तेवढंच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने गिंडीतल्या एका ग्रिलच्या वर्कशॉपची खबर आणली. छाप्यात एक यंत्र मिळालं, त्याचा क्रमांकही जुळला.

"सुट्टीनंतर घेतलं, सार," मालक म्हणाला.

पंचनामा चालू असताना मी त्या यंत्राभोवती फिरत राहिलो. आमच्याकडे खंडेनवमीच्या आयुधपूजेआधी वर्कशॉपवाले अवजारं धुऊन रंगवतात, मग त्यांना चंदन-कुंकू लावतात. या मालकाची सगळी यंत्रं हिरवी होती. हे चोरीचं यंत्रही त्याच हिरव्या रंगाने रंगवलेलं, आणि त्या रंगावर चंदन सुकलेलं. म्हणजे पूजेआधीच ते इथे आलं होतं. तेव्हा किल्ली व्यवस्थापकाकडे होती.

"सुट्टीनंतर घेतलंस, तर पूजेला कसं बसलं?"

मालकाने खरं सांगून टाकलं. यंत्रं व्यवस्थापकाने विकली होती आणि विचारलं तर काय सांगायचं तेही पढवलं होतं. दोघांना समोरासमोर आणल्यावर व्यवस्थापकाने कबुली दिली. रिकामी खोकी पुन्हा चिकटवून त्याने मुलीला किल्ली दिली आणि सुट्टीत जवळच्या दुसऱ्या किल्लीने आत शिरून खोकी स्वतःच फोडली.

मुलीला हे कळलं तेव्हा ती संतापली. "म्हणजे मी रिकाम्या खोक्यांना नमस्कार केला, सार?"

मला तर तिच्याहून जास्त चीड आली होती. तरुणांना पायावर उभं करण्याच्या गोष्टी सगळेच करतात, पण काही हरवलं की पहिलं बोट त्याच पोरांकडे जातं. त्यानंतर कुठल्याही तक्रारीत आयतं नाव आलं, की मी आधी ते नाव सांगणाऱ्याची चौकशी करत असे.

सोमवारी ती रुजू झाली. पुढच्या खंडेनवमीला केंद्राने आम्हा दोघांनाही बोलावलं. नवी खोकी मांडलेली होती. संस्थेच्या प्रमुख बाईंनी सगळ्या मुलांसमोर कुंकवाची वाटी तिच्या हातात दिली. तिने ती बाजूला ठेवली आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"आधी खोकं उघडू, मॅडम. मग कुंकू."